विश्वाला फुगवणारी ऊर्जा कृष्णविवरांच्या पोटात? एका धाडसी कल्पनेची परीक्षा

विश्व प्रसरण पावत आहे आणि त्या प्रसरणाचा वेग मंदावण्याऐवजी वाढत आहे, हे १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांतून स्पष्ट झाले. या शोधासाठी सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट आणि अ‍ॅडम रीस यांना २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वेग वाढवणारे कारण मात्र अद्याप हाती लागलेले नाही. त्या कारणाला शास्त्रज्ञ ‘कृष्ण ऊर्जा’ म्हणतात आणि विश्वातील एकूण ऊर्जेत तिचा वाटा जवळपास ७० टक्के मानतात. खरे तर हे नाव म्हणजे आपल्या अज्ञानावर चिकटवलेली चिठ्ठीच होय.

ही ऊर्जा कृष्णविवरांमध्येच दडलेली असावी, असा दावा हवाई विद्यापीठातील डंकन फॅरा, केव्हिन क्रोकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल लेटर्स’मध्ये केला. प्रथमदर्शनी ही कल्पना उफराटी वाटते. सर्व काही आत ओढून घेणारी वस्तू विश्वाला दूर कशी लोटेल?

याचे मूळ एका जुन्या अडचणीत आहे. कोलकात्याचे अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या समीकरणाचा आधार घेऊन रॉजर पेनरोज यांनी १९६५ मध्ये दाखवले, की कोसळणारा तारा सापेक्षतावादानुसार अशा अवस्थेला पोहोचतो जिथे हे सिद्धांतच निरुपयोगी ठरतात. कृष्णविवराच्या केंद्राशी अनंत घनता मानणे अनेकांना पटत नाही. त्याच दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञ एरास्ट ग्लिनर यांनी सुचवले, की अतिशय दाबलेले द्रव्य पोकळीच्या ऊर्जेत रूपांतरित होत असावे. या ऊर्जेचा दाब ऋण असतो. सापेक्षतावादात दाबसुद्धा गुरुत्वाकर्षणाला हातभार लावतो, आणि पुरेसा मोठा ऋण दाब असेल तर आकर्षणाऐवजी प्रतिकर्षण घडते.

फॅरा आणि क्रोकर यांचे म्हणणे असे, की अशी कृष्णविवरे काहीही न गिळता, केवळ विश्व प्रसरण पावते म्हणून जड होत जातात. हिशेब सोपा आहे. विश्वातील अंतरे दुप्पट झाली, की घनफळ आठपट होते आणि कृष्णविवरे तितकीच विरळ होतात. पण त्याच काळात प्रत्येकाचे वस्तुमानही आठपट झाले, तर त्यांची एकूण घनता कायम राहते. प्रसरण होऊनही पातळ न होणे हीच तर कृष्ण ऊर्जेची ओळख मानली जाते.

पुराव्यासाठी त्यांनी लंबवर्तुळाकार दीर्घिका निवडल्या. या दीर्घिका वयोवृद्ध असतात, त्यांच्यातील वायू जवळपास संपलेला असतो आणि नवे तारे फारसे जन्मत नाहीत. म्हणजे केंद्रातील कृष्णविवराला खायला फारसे काही उरलेले नसते. तरीही सुमारे ९ अब्ज वर्षांपूर्वीच्या तुलनेत ही कृष्णविवरे ७ ते २० पट मोठी दिसतात, असे या गटाला आढळले. निष्कर्ष लक्षवेधी होता. परंतु इतक्या दूरच्या कृष्णविवरांचे वस्तुमान अप्रत्यक्ष पद्धतींनीच काढावे लागते, हेही ध्यानात ठेवायला हवे.

आक्षेप लगेच आले. सर्वांत रोखठोक आक्षेप एनजीसी ३२०१ या दक्षिण आकाशातील गोलाकार तारकागुच्छातून आला. हा गुच्छ ११ अब्ज वर्षांहून जुना आहे. त्यातील एका कृष्णविवराचे वस्तुमान किमान साडेचार सूर्यांएवढे असल्याचे मोजले गेले आहे. ते जन्मापासून आठच पटींनी वाढले असे धरले, तरी जन्माच्या वेळी ते सूर्याच्या निम्म्याच्या आसपास भरेल. गुच्छाचे वय पाहता प्रत्यक्ष वाढ याहून बरीच जास्त धरावी लागेल. एवढ्या हलक्या अवशेषाचे कृष्णविवर बनत नाही. सुमारे दोन सूर्यांपर्यंतचा अवशेष न्यूट्रॉन तारा म्हणून तग धरतो. त्या जोडीची कक्षा आपल्याला अगदीच तिरपी दिसत असेल, म्हणजे खरे वस्तुमान मोजलेल्या किमान आकड्याच्या कितीतरी पट असेल, तरच ही कल्पना येथे बचावते.

सैद्धांतिक शंका याहून खोल आहे. विश्व प्रसरण पावत असले तरी सूर्यमाला किंवा अणू फुगत नाहीत, कारण तेथे स्थानिक बंध प्रबळ असतात. मग कृष्णविवराला दूरच्या प्रसरणाची ‘खबर’ लागते कशी? शिवाय, आतला ऋण दाब बाहेरून जाणवत नाही. दुरून पाहता कृष्णविवर हे इतर कोणत्याही जड वस्तूसारखेच वागते, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. याचे सर्वमान्य उत्तर पुरस्कर्त्यांनी दिलेले नाही.

तरीही ही कल्पना मोडीत निघालेली नाही. अमेरिकेतील ॲरिझोना येथील दुर्बिणीवर बसवलेल्या ‘डेसी’ या उपकरणाने २०२४ आणि २०२५ मध्ये जाहीर केलेल्या निष्कर्षांतून कृष्ण ऊर्जा काळानुसार बदलत असल्याचे संकेत मिळाले. कृष्णविवरे ताऱ्यांच्या मृत्यूतून जन्मत असल्याने त्यांच्यातून येणारी ऊर्जाही ताऱ्यांच्या निर्मितीप्रमाणे बदलणारच, असा युक्तिवाद क्रोकर यांच्या गटाने तत्काळ पुढे केला. डेसीचे संकेत अद्याप शोध म्हणून मान्य होण्याइतके बळकट नाहीत.

निर्णायक कसोटी गुरुत्वीय लहरींतून मिळू शकते. विलीन होण्यापूर्वी कृष्णविवरांच्या अनेक जोड्या अब्जावधी वर्षे एकमेकांभोवती फिरत असतात. त्या काळात त्यांचे वस्तुमान वाढत असेल, तर हलक्या जोड्या क्वचितच सापडायला हव्यात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारल्या जाणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. ती कार्यान्वित झाल्यावर अशा जोड्यांचे आकाशातील स्थान अधिक अचूकपणे ठरवता येईल.