मंत्र्याच्या सहीचे मोल

खानदेशाच्या पश्चिम टोकाला, तापीच्या खोऱ्यापासून सातपुड्याच्या रांगांपर्यंत पसरलेला आणि १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा हा भिल्ल, पावरा, मावची, कोकणा अशा आदिवासी समाजांचा मुलूख आहे. २०११ च्या जनगणनेनुसार येथील दर दहा माणसांपैकी जवळजवळ सात अनुसूचित जमातींची आहेत. अशा प्रदेशात लोकप्रतिनिधी कोण होतो, त्याच्या हाती कोणता अधिकार येतो आणि त्या अधिकाराचा जाब त्याला कोठे द्यावा लागतो, हे प्रश्न केवळ निवडणुकीच्या हारजितीचे राहत नाहीत. ते समजून घ्यावयाचे असतील, तर नवापूरचे सुरूपसिंग हिऱ्या नाईक यांच्या प्रदीर्घ कारकिर्दीइतके बोधप्रद उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

१९७७ साली आणीबाणीनंतरच्या लाटेत उत्तर हिंदुस्थानात काँग्रेसचा पार धुव्वा उडाला आणि महाराष्ट्रातही तिला ४८ पैकी केवळ २० जागांवर समाधान मानावे लागले, त्या वेळी अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेला नंदुरबार मतदारसंघ मात्र त्या पक्षाशी एकनिष्ठ राहिला आणि नाईक लोकसभेत पोहोचले. १९८० मध्ये ते पुन्हा निवडून आले. परंतु पुढच्याच वर्षी दिल्लीची जागा सोडून ते राज्याच्या राजकारणात परतले आणि त्यांच्या जागी झालेल्या पोटनिवडणुकीत, तोवर नवापूरचे आमदार असलेले माणिकराव गावित लोकसभेवर गेले. ही अदलाबदल दोघांनाही लाभली. माणिकराव त्या पोटनिवडणुकीपासून सलग नऊ वेळा खासदार झाले, तर नाईकांनी नवापूरची आमदारकी २००९ पर्यंत आपल्याकडे राखली आणि राज्य मंत्रिमंडळात वेळोवेळी निरनिराळी खाती सांभाळली. एवढा दीर्घ विश्वास केवळ पक्षाच्या चिन्हावर मिळत नाही; ज्या भागात दाखला, रेशनकार्ड वा सातबाऱ्याचा उतारा मिळविण्यासाठी मामलेदार कचेरीच्या खेपा घालाव्या लागतात, तेथे आपल्या बोलीत बोलणारा आणि आपले नाव जाणणारा माणूस हाच सामान्य माणसाला सरकारचे दार वाटतो.

परंतु मंत्री हा केवळ आपल्या माणसांचा वकील नसतो. राज्याचा प्रत्येक हुकूम राज्यपालांच्या नावाने निघत असला, तरी त्यामागची नस्ती कक्ष अधिकाऱ्याच्या टिपणीपासून अवर सचिव, उपसचिव आणि सचिव अशा पायऱ्या चढत मंत्र्याच्या टेबलावर येते. त्या साऱ्या प्रवासात शेरे अनेकांचे असतात, पण ज्याच्या सहीने धोरणाला मंजुरी मिळते त्याला ‘खालून प्रस्ताव तसाच आला होता’ असे म्हणून मोकळे होता येत नाही. नाईकांच्या कारकिर्दीत हे तत्त्व अतिशय कठोर रीतीने प्रत्ययास आले.

निलगिरीतील जंगलतोडीवरून उभ्या राहिलेल्या गोदावर्मन तिरुमुलपाद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी, ज्याला व्यवहारात जंगल म्हणता येईल ते सर्व, मग त्याची मालकी कोणाचीही असो, संरक्षणास पात्र आहे असे ठरविले. ४ मार्च १९९७ च्या आदेशाने महाराष्ट्रातील विनापरवाना आरागिरण्या आणि प्लायवूडसारखे लाकूड-उद्योग बंद करावयास सांगितले. आणि पुढे २००२ मध्ये, आपण नेमलेल्या केंद्रीय समितीच्या पूर्वपरवानगीविना असे नवे उद्योग सुरू होऊ देऊ नयेत असे सर्व राज्यांना बजावले. नाईक वनमंत्री असताना काही उद्योगांना या आदेशांना डावलून परवानगी देण्यात आली. प्रकरण न्यायालयासमोर आले, तेव्हा वनमंत्री आणि वनखात्याचे प्रधान सचिव या दोघांनाही जाणूनबुजून अवमान केल्याबद्दल दोषी धरण्यात आले. त्यांनी मागितलेली माफी न्यायालयाने स्वीकारली नाही आणि १० मे २००६ रोजी दोघांनाही एक महिन्याच्या साध्या कैदेची शिक्षा फर्मावली. त्या वेळी परिवहनमंत्री असलेल्या नाईकांना पद सोडावे लागले.

या निकालाचे महत्त्व एका व्यक्तीच्या शिक्षेत नसून, अधिकाराच्या दोन टोकांना, म्हणजे राजकीय मंत्र्याला आणि प्रशासकीय सचिवाला, एकाच मापाने मोजले गेले यात आहे. सचिवाला ‘मंत्र्यांचा हुकूम होता’ आणि मंत्र्याला ‘सचिवांनी सांभाळावयास हवे होते’ ही परस्परांवर ढकलण्याची वाट त्या दिवशी बंद झाली.

या शिक्षेच्या काळात नाईकांचा बराच मुक्काम मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात झाला आणि त्यांच्या वैद्यकीय कागदपत्रांची मागणी एका नागरिकाने माहिती अधिकाराच्या कायद्याखाली केली. त्यातून मुंबई उच्च न्यायालयात जो वाद उभा राहिला, त्याचा निकाल देताना न्यायालयाने २००७ मध्ये असे तत्त्व घालून दिले की, कैदेत असलेली व्यक्ती सार्वजनिक रुग्णालयात दाखल झाली असेल, तर तिच्या उपचारांची माहिती सर्वसाधारणपणे द्यावी आणि ती नाकारावयाची झाल्यास केवळ अपवादात्मक परिस्थितीत, लेखी कारणांसह नाकारावी. रुग्णाचे खासगीपण मोलाचे खरे; परंतु तुरुंगवास सर्वांना सारखाच भोगावा लागतो की नाही, हे जाणण्याचा जनतेचा हक्कही तितकाच मोलाचा, हे त्यातून स्थापित झाले.

मतदारांचा न्याय मात्र स्वतंत्र गतीने चालला. २००९ साली नवापूरने नाईकांना पराभूत करून समाजवादी पक्षाचे शरद गावित यांना निवडले, २०१४ मध्ये पुन्हा नाईकांनाच विधानसभेत पाठविले आणि २०१९ पासून त्यांचे चिरंजीव शिरीषकुमार नाईक त्या जागेवर आहेत. काहींना यात लोकांचे विस्मरण दिसेल. मला त्यात दोन भिन्न न्यायासने दिसतात. मतदार नात्याचा, सेवेचा आणि पर्यायाचा विचार करतो. न्यायालय फक्त कायद्याचा करते. आणि लोकशाहीत यांपैकी एकाचा कौल दुसऱ्याच्या कौलाला रद्द करीत नाही.

शिक्षा ज्या वर्षी झाली, त्याच २००६ च्या डिसेंबरात संसदेने वनहक्क कायदा मंजूर करून पिढ्यान्‌पिढ्या कसल्या गेलेल्या वनजमिनीवरील आदिवासींचा हक्क मान्य केला आणि सातपुड्यातील हजारो कुटुंबांचे दावे त्यानंतर सरकारी दप्तरांत दाखल झाले. त्या दाव्यांचे भवितव्य आजही नस्तीवरच्या शेऱ्यांवर ठरते. म्हणूनच नंदुरबारच्या मतदाराने उद्या एखाद्या मंत्र्याला विचारावयाचा प्रश्न, आपण आमच्यासाठी काय आणले, एवढ्यावर थांबू नये. आपण कोणत्या कागदावर, कोणत्या कायद्याला स्मरून सही केली, हेही त्याने विचारावे, कारण ज्याच्याजवळ जमिनीखेरीज दुसरी मिळकत नाही, त्याला कायद्याचे पालन करणाऱ्या सरकारची गरज इतर कोणाहूनही अधिक असते.