घरबांधणीचे अंदाजपत्रक

घरबांधणीचे अंदाजपत्रक म्हणजे नियोजित घरासाठी लागणारे साहित्य, मजुरी व इतर खर्च यांची बांधकामापूर्वी केलेली आकारणी होय. नकाशावरून प्रत्येक कामाचे परिमाण काढून त्यास प्रचलित दराने गुणतात आणि आकस्मिक खर्चासाठी साधारणतः 3 ते 5 टक्के रक्कम वाढवून धरतात. महाराष्ट्रात वाळू व खडी ‘ब्रास’ या मापाने मोजतात. 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट, अर्थात सुमारे 2.83 घनमीटर.

काळ्या जमिनीतील पाया

नांदेड जिल्ह्यातील हदगाव परिसरात काळी जमीन आढळते. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. परिणामी उथळ पायावरील भिंतींना तडे जातात. म्हणून पाया खालच्या कठीण मुरमापर्यंत नेणे इष्ट ठरते. 5 मीटर लांब व तितक्याच रुंद घराच्या भिंतींसाठी 20 मीटर लांब, 0.9 मीटर रुंद आणि तेवढाच खोल चर घेतल्यास खोदाई 16.2 घनमीटर होते, खोली 1.5 मीटर झाल्यास ती 27 घनमीटरांवर जाते. घराचे क्षेत्रफळ मात्र 25 चौरस मीटरच राहते. यास्तव केवळ चौरस फुटाच्या दराने काढलेला अंदाज येथे अपुरा पडतो.

घरकुल योजना

2016 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट प्रदेशातील घरकुलासाठी 1.20 लाख रुपये साहाय्य व किमान 25 चौरस मीटर क्षेत्र ठरविण्यात आले. जमीन काळी असो वा मुरमाड, रक्कम एकच. पायाचा वाढीव खर्च लाभार्थ्यावर पडून काम जोत्यापाशी थांबू नये, यासाठी अंदाजपत्रकापूर्वी चाचणी खड्डा घेऊन मुरमाची खोली पाहणे आवश्यक असते.