कर्णधाराने लावलेली झाडे

आपल्याकडे हॉकी म्हटले की डोळ्यांसमोर येतात ते ध्यानचंद, हिरवे मैदान आणि वाकड्या टोकाची स्टिक. कॅनडात मात्र कोणी नुसते ‘हॉकी’ म्हणाले, तर त्याचा अर्थ बर्फावरची हॉकी! पायांत धारदार पात्यांचे बूट, चेंडूऐवजी कडक रबराची काळी चकती (तिला ‘पक’ म्हणतात), गोलरक्षक धरून एका बाजूला सहा खेळाडू आणि वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. वेग इतका, की पाऊण-एक मिनिट खेळले की खेळाडू धापा टाकत बाहेर येतो आणि दुसरा कठड्यावरून उडी मारून आत जातो.

या खेळातला स्टीव्ह आयझरमन हा माणूस आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्याची कहाणी फक्त हॉकीची नाही. उत्तम खेळणाऱ्याला उत्तम संघ बांधता येतो का, हा प्रश्न आपल्या क्रिकेटलाही नवा नाही आणि कचेऱ्या-कारखान्यांनाही नाही. हॉकीचा सम्राट वेन ग्रेट्झ्की २००५ ते २००९ अशी चार वर्षे फिनिक्सच्या संघाचा प्रशिक्षक होता. त्या चारही मोसमांत संघ बाद फेरीपर्यंत पोहोचला नाही. हातातली जादू दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, हेच खरे. आयझरमनने मग काय दिले?

दीडशेवर गुण, तरीही रिकामे हात

१९६५ साली ब्रिटिश कोलंबियात जन्मलेला आणि ओटावाशेजारच्या नेपियनमध्ये वाढलेला हा मुलगा १९८३ मध्ये डेट्रॉइट रेड विंग्ज या संघाकडे आला. उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक हॉकीत नव्या मुलांची निवड ‘ड्राफ्ट’ पद्धतीने होते. आदल्या मोसमात पिछाडीवर राहिलेल्या संघांना आधी निवड करायला मिळते. आयझरमनचा क्रमांक होता चौथा. मोटारींचे शहर म्हणून जग ज्याला ओळखते, त्या डेट्रॉइटचा संघ तेव्हा इतका मरगळलेला होता, की लोक त्याला ‘डेड विंग्ज’ म्हणून हिणवत. १९५५ नंतर स्टॅन्ले चषक त्या गावाने पाहिलाच नव्हता.

१९८६ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो कर्णधार झाला. १९८८-८९ च्या मोसमात त्याने ६५ गोल केले आणि ९० गोलांना साहाय्य केले. एकूण १५५ गुण! एका मोसमात याहून अधिक गुण ग्रेट्झ्की आणि मारियो लेम्यू या दोघांनाच जमले. पण चषक? तो दूरच राहिला.

१९९३ मध्ये स्कॉटी बोमन हे कडक शिस्तीचे प्रशिक्षक आले. त्यांचे म्हणणे सरळ होते : गोल करणारे पुष्कळ झाले, गोल अडवायला कोण मागे धावणार? गवयाने मैफल सोडून साथीला बसावे, तशी ही मागणी! १९९५ मध्ये तर त्याला ओटावाला देऊन टाकण्याची चर्चा वर्तमानपत्रांत रंगली. आयझरमन रुसला नाही, की गावही सोडले नाही. त्याने खेळ बदलला. दीडशेवर गुण करणारा हा गडी १९९६-९७ मध्ये ८५ गुणांवर आला आणि त्याच वर्षी, ४२ वर्षांनी, चषक डेट्रॉइटला आला. पुढे २००० साली उत्तम बचाव करणाऱ्या आघाडीच्या खेळाडूला मिळणारा सेल्की पुरस्कारही त्याला मिळाला.

त्या आनंदावर सहा दिवसांतच विरजण पडले. १३ जून १९९७ रोजी खेळाडूंना नेणारी भाड्याची गाडी झाडावर आदळली. बचाव फळीतला रशियन खेळाडू व्लादिमिर कॉन्स्टान्टिनॉव्ह आणि संघाचे मालिशतज्ज्ञ सर्गेई म्नात्साकानॉव्ह यांच्या मेंदूला जबर इजा झाली. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये डेट्रॉइटने पुन्हा चषक जिंकला. रिवाजानुसार चषक प्रथम कर्णधाराच्या हाती आला. त्याने तो सहकाऱ्यांपैकी सर्वांत आधी दिला तो चाकांच्या खुर्चीत बसलेल्या कॉन्स्टान्टिनॉव्हच्या मांडीवर! मग खुर्ची ढकलत साऱ्या संघाने बर्फावर फेरी मारली. त्या गावातली माणसे आजही हे सांगताना गहिवरतात.

टाळ्या नसलेले काम

बावीस मोसम एकाच संघाकडून, १,५१४ सामने, ६९२ गोल आणि तीन स्टॅन्ले चषक. गुडघा पार निकामी होत आलेला असतानाही तो २००२ चा तिसरा चषक जिंकेपर्यंत खेळला. २००६ मध्ये निवृत्त झाला आणि चार वर्षे कार्यालयात बसून त्याने नवे काम शिकून घेतले. मे २०१० मध्ये तो फ्लोरिडातल्या टॅम्पा बे लाइटनिंगचा जनरल मॅनेजर झाला.

हे काम प्रशिक्षकाचे नव्हे. कोणता मुलगा निवडायचा, कोणाला किती पगार द्यायचा, कोणाला दुसऱ्या संघाला द्यायचे, प्रशिक्षक कोण, हे सारे मॅनेजर ठरवतो. त्यातून २००५ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आली. पैशाच्या जोरावर तारे गोळा करण्याचे दिवस संपले. कोवळी रोपे ओळखून वाढवणे आले. बाजारातून आंबे आणणे वेगळे आणि कोय लावणे वेगळे.

आयझरमनच्या काळात टॅम्पाने निवडलेल्या मुलांचे क्रमांक पाहा. निकिता कुचेरोव्ह २०११ मध्ये ५८ वा. ओंद्रेय पालाट त्याच वर्षी शेवटच्या फेरीत, २०८ वा! ब्रेडन पॉइंट २०१४ मध्ये ७९ वा. बहुतेकांनी ज्यांच्यावरून नजर फिरवली होती, अशी ही मुले. गोलरक्षक आंद्रेई वासिलेव्हस्कीला मात्र २०१२ मध्ये पहिल्याच फेरीत घेतले होते. २०१३ मध्ये जॉन कूपर या नवख्या प्रशिक्षकावर त्याने विश्वास टाकला. २०१५ मध्ये संघ अंतिम फेरीत पोहोचला, शिकागोकडून हरला.

या कामात वाईटपणाही पदरी येतो. कॅनडाचा ऑलिंपिक संघ निवडण्याची जबाबदारीही त्याच्याकडेच होती. २०१४ च्या सोची ऑलिंपिकसाठी त्याने आपल्याच टॅम्पाचा कर्णधार मार्टिन सेंट लुईस याला आधी वगळले. नंतर दुसरा खेळाडू जायबंदी असल्याने त्याला घेतले आणि कॅनडाने सुवर्णपदकही जिंकले. पण मने सांधली गेली नाहीत. मार्चमध्ये सेंट लुईस न्यूयॉर्क रेंजर्सकडे गेला. ज्याने एकेकाळी चषक कॉन्स्टान्टिनॉव्हच्या मांडीवर ठेवला, तोच कर्णधार आता दुसऱ्या कर्णधाराला ‘तू नाहीस’ असे सांगत होता. चूक की बरोबर, यावर वाद घालता येईल. पण तो निर्णय दुसऱ्या कोणाच्या अंगावर ढकलण्याची सोय त्या खुर्चीत नव्हती.

आंबे खाल्ले कोणी?

सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने टॅम्पाचे मॅनेजरपद सोडले आणि आपला सहायक ज्युलियन ब्रिस्बॉइस याच्या हाती कारभार दिला. २०२० आणि २०२१, सलग दोन वर्षे टॅम्पाने स्टॅन्ले चषक जिंकला. दोन्ही वर्षी बाद फेरीत सर्वाधिक गुण कुचेरोव्हचे होते आणि २०२१ चा सर्वोत्तम खेळाडू ठरला वासिलेव्हस्की. झाडे लावणारा मात्र तोवर दूर डेट्रॉइटला, आपल्या जुन्या गावी, पुन्हा पहिल्यापासून खड्डे खणत होता!

एप्रिल २०१९ मध्ये रेड विंग्जचा मॅनेजर म्हणून तो परतला, तेव्हा गावाने दिवाळी साजरी केली. पहिल्याच मोसमात ७१ सामन्यांत अवघे १७ विजय. त्याने निवडलेला जर्मन बचावपटू मोरिट्झ सायडर २०२२ मध्ये सर्वोत्तम नवोदित ठरला. पण २०२४ मध्ये वॉशिंग्टनइतकेच ९१ गुण होऊनही बाद फेरी हुकली आणि २०२५ पर्यंत ती सलग नऊ मोसम हुकली. पूर्वी याच संघाने ती सलग २५ मोसम गाठली होती! ज्या गावाने त्याला डोक्यावर घेतले, तिथल्याच लोकांनी मग विचारायला सुरुवात केली, ‘अजून किती थांबायचे?’

प्रश्न रास्त आहे. तिकीट काढून येणाऱ्याला आज जिंकायचे असते आणि टॅम्पात जमले ते दुसरीकडे जमेलच, अशी हमी कोणतीच जमीन देत नाही. खेळाडू असताना आयझरमनने आपले गुण सोडले. ते सोडणे त्याच्या हातात होते आणि मोबदल्यात चषक त्याच्याच हाती आला. मॅनेजरला मात्र श्रेयही सोडावे लागते आणि फळाची वेळही त्याच्या हाती नसते. मुलांना वाढवणाऱ्या, माणसे घडवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असते. डेट्रॉइटची झाडे बहरतील की नाही, हे काळच सांगेल; बहरली तर तेव्हा सावलीत कोण बसलेले असेल, याची चिंता माळ्याने करू नये.