घराचा हप्ता, गोळ्यांचा खाडा

गेल्या महिन्यात एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. वय सदुसष्ट. रक्तदाब १८०/११०. एरवी त्यांचा दाब आटोक्यात असायचा. खोदून विचारले, तेव्हा म्हणाले, "डॉक्टर, गोळी एक दिवसाआड घेतो. त्रास तर काही होत नाही!"

कारण निघाले मुलाचा पुण्यातला फ्लॅट. गुरुजींनी १९८८ साली इथे घर बांधले, ते चार वर्षांच्या पगाराएवढ्या खर्चात. मुलाचा पगार साठ हजार आणि फ्लॅट पन्नास लाखांचा, म्हणजे जवळजवळ सात वर्षांचा पगार. बँकेने चाळीस लाख दिले, वरचे दहा लाख गुरुजींच्या निवृत्तीच्या पैशांतून गेले. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षे महिना सुमारे ३४,७०० रुपये हप्ता; एकूण फेड ८३ लाखांच्या घरात! मग पेन्शनमधूनही दरमहा पुण्याला पैसे जाऊ लागले आणि काटकसर सुरू झाली ती स्वतःच्या गोळ्यांपासून. मुलाला याचा पत्ताही नव्हता.

वाचकहो, यात मुलगा उधळ्या नाही आणि गुरुजी अडाणी नाहीत. पण "त्रास होत नाही" यावर विसंबू नका. वाढलेला रक्तदाब बहुधा मुकाट्याने मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या खराब करत असतो. उद्या पक्षाघात झाला, तर वाचवलेले पैसे तर जातीलच, शिवाय मुलाला नोकरी सोडून उशाशी बसावे लागेल.

म्हणून महिन्याचा हिशेब मांडताना औषधे पहिल्या ओळीत लिहा. खर्च झेपत नसेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. स्वस्त जेनेरिक गोळ्या मिळतात. सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाबाची औषधे मोफत दिली जातात. मनाने गोळी बंद करू नका, अर्धी करू नका. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर तत्काळ मोठे रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

आणि मुलांनो, पैसे पाठवणाऱ्या आईवडिलांना फोनवर एवढे विचारा, "आजची गोळी घेतली का?"

गुरुजींनी माझ्यासमोरच मुलाला फोन लावला. आता पुण्याला दोन हजार कमी जातात. परवा दाब मोजला, १३८/८४.