जुन्या डॉजचे सुटे भाग कसे शोधावेत?



जानेवारी २०२३ मध्ये आपल्या वडोदऱ्यात लक्ष्मी विलास पॅलेसला जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले. तेव्हापासून मंडळातले बरेच जण विचारतात, "आमच्या आजोबांची गाडी पडून आहे, तिचे पार्ट मिळतील का?" मिळतात. पण चुकीचे पार्ट त्याहून लवकर मिळतात! आमच्या घरच्या १९५१ च्या डॉज किंग्जवेवर काम करताना आम्ही जे पैसे घालवून शिकलो, ते इथे देत आहोत.

नावावर जाऊ नका. अमेरिकेबाहेर विकण्यासाठी क्रायस्लर कंपनी प्लायमाउथच्याच बॉडीवर डॉजचे नाव लावून किंग्जवे तयार करत असे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स या गाड्या मुंबईत कुर्ल्याला जोडत असे. हे ठाऊक नसल्यामुळे आम्ही अमेरिकेतून त्याच सालच्या डॉज कॉरोनेटचे दाराचे रबर मागवले. कॉरोनेट मोठी गाडी, रबर बसलेच नाही. जहाजाचे भाडे आणि कस्टम ड्यूटी मात्र भरावी लागली. किंग्जवेच्या काचा, रबरे आणि दारांचे सामान प्लायमाउथच्या यादीत शोधावे.

आधी मोजा, मग मागवा. या गाड्यांच्या सहा सिलिंडरच्या साइड-वाल्व इंजिनाचे दोन प्रकार आहेत. एकाचे हेड सुमारे २३ इंच लांब, दुसऱ्याचे २५ इंच. एकाचे हेड गॅसकेट दुसऱ्याला चालत नाही. शिवाय सत्तर वर्षांत कोणी इंजिन बदलले असेल तर आरसी बुकावरून काही कळत नाही. म्हणून टेप लावून पाहा आणि इंजिनावर ठोकलेला नंबर उतरवून घ्या. याच कुळातली इंजिने डॉज आणि फार्गो ट्रकांतही होती, त्यामुळे ट्रकच्या जुन्या दुकानदारांकडेही चौकशी करावी.

उजवे स्टिअरिंग. अमेरिकन कॅटलॉग डाव्या स्टिअरिंगचे असतात. इंजिन, गिअरबॉक्स, चाके यांना फरक पडत नाही, पण डॅशबोर्ड, पेडल आणि स्टिअरिंगच्या भागांना पडतो. ऑस्ट्रेलियात उजव्या स्टिअरिंगच्या किंग्जवे विकल्या गेल्या, तेव्हा हे भाग तिकडे शोधावेत.

सगळे परदेशातून मागवायची गरज नाही. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो दाखवला की बेअरिंगच्या दुकानात जोड मिळू शकतो. ऑइल सीलची आतली-बाहेरची मापे आणि जाडी दिली की काम भागते. ब्रेक शू आणि क्लच प्लेटला नवे लायनिंग इथेच लावून मिळते. जुना भाग मात्र नवा बसेपर्यंत टाकू नका, नमुना म्हणून तोच उपयोगी पडतो. आणि एक सूचना: डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात. आमच्या मेकॅनिकने जोर लावून दोन तोडले, तेव्हा कळले.

सुधारणा कुठवर कराव्यात? या गाडीची वायरिंग ६ व्होल्टची असून बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक अर्थला जोडलेले असते. सगळ्या जोडण्या साफ केल्या आणि जाड केबल घातली तर तीही चांगली चालते. १२ व्होल्टवर जायचे असेल तर बल्ब, कॉइल, मीटर सगळेच पाहावे लागते. पेट्रोलचे जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा आधी बदला, कारण आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुने रबर खराब होते. मूळच्या ब्रेकमध्ये चारही चाकांना एकच लाइन असते. ती फुटली की पेडल खाली जाते आणि हातब्रेकशिवाय काही उरत नाही. मुलाबाळांना घेऊन फिरणार असाल तर दोन लाइनींचा मास्टर सिलिंडर बसवण्याचा विचार करावा.

पण चासी कापणे किंवा नवे डिझेल इंजिन टाकणे टाळा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते आणि तिला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसावा. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली वगैरेसाठीच चालते. म्हणून जो बदल पुन्हा काढता येईल तोच करावा आणि काढलेले मूळ भाग पेटीत जपून ठेवावेत.

अंगणात ताडपत्रीखाली गाडी असेल तर पार्ट मागवण्याआधी एक रविवार काढा. नंबर उतरवा, मापे घ्या, फोटो काढा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की पूर्वी काय काय बदलले होते. ते सांगणारी माणसे आज आहेत, तोवरच हे विचारून घ्यावे.