तेल नेमके केव्हा सोडावे?

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारे साधन नसते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. मग त्यातील तेल पेटते कशाने? सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचा खालचा भाग तापतो, हा अनुभव बहुतेक विद्यार्थ्यांनी घेतलेला असतो. हवा एकदम दाबली की ती तापते. डिझेल इंजिनाचा दट्ट्या सिलिंडरमधील हवा मूळ आकारमानाच्या पंधरा ते वीसपटींनी दाबतो, आणि त्यामुळे तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. अशा हवेत तेलाचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो.

रूडॉल्फ डिझेल (१८५८–१९१३) या अभियंत्याने १८९२ साली या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. १८९७ साली आउग्सबुर्ग येथे झालेल्या चाचणीत त्याच्या इंजिनाने इंधनातील सुमारे २६ टक्के उष्णता कार्यात उतरविली. वाफेच्या तत्कालीन इंजिनांना ही मजल गाठता आली नव्हती. त्याच्या इंजिनात तेल आत लोटण्यासाठी दाबलेली हवा वापरीत. पुढे केवळ पंपाच्या दाबाने तेल सोडण्याची पद्धत रूढ झाली. जर्मनीतील बॉश कंपनीने १९२७ साली असे पंप मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास आरंभ केला, तेव्हापासून डिझेल इंजिन मोटारगाड्यांच्या आटोक्यात आले.

आता खरा प्रश्न असा की, तेल सोडावयाचे ते केव्हा? दट्ट्या अगदी वर पोहोचला म्हणजे सोडावे, असे सकृद्दर्शनी वाटेल. परंतु तेल सोडताक्षणी पेटत नाही. थेंबांची वाफ व्हावी, ती हवेत मिसळावी आणि मग ज्वलन सुरू व्हावे, यात सेकंदाचा एक-दोन सहस्रांश भाग जातो. तेवढ्या अवधीत इंजिन थांबून राहत नाही. म्हणून दट्ट्या माथ्यावर पोहोचण्याच्या थोडे अगोदरच तेल सोडावे लागते. हे 'थोडे' क्रँकच्या अंशांत मोजतात.

एक परिचित उदाहरण घेऊ. इंग्लंडमधील डर्स्ली गावी लिस्टर कंपनीने बनविलेले मंदगती एकदट्टी इंजिन भारतात फार लोकप्रिय झाले. तिकडील उत्पादन १९८७ साली थांबले, तरी राजकोटच्या कारखान्यांनी त्याच धर्तीची इंजिने बनविली आणि पाणी उपसण्यासाठी व गिरण्यांसाठी ती गावोगाव पोहोचली. सहा अश्वशक्तीच्या नमुन्याचा वेग मिनिटाला ६५० फेरे, आणि तेल सोडण्याची वेळ साधारणतः माथ्याच्या २० अंश अगोदर. या वेगाने २० अंश फिरण्यास सेकंदाचे सुमारे पाच सहस्रांश लागतात. एवढ्या अवकाशात थेंब-दीड थेंब तेलाला आपला प्रवास उरकावयाचा असतो! इंजिन मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी चालले, तर एका सहस्रांश सेकंदातच क्रँक ९ अंश पुढे जातो. म्हणूनच ज्या इंजिनांचा वेग सारखा बदलतो, त्यांच्या पंपाला वेगाबरोबर वेळ पुढे-मागे करणारे साधन जोडलेले असते.

वेळ चुकली तर काय होते? तेल फार लवकर गेले, तर दट्ट्या वर येत असतानाच ज्वलनाचा दाब त्याच्यावर उलट आदळतो. इंजिन ठोके देऊ लागते, बेअरिंगांवर ताण पडतो आणि हाताने इंजिन चालू करणाऱ्याच्या मनगटाला उलट हिसका बसून हाड मोडण्याचाही संभव असतो. तेल उशिरा गेले, तर ज्वलन दट्ट्या खाली उतरत असताना लांबत जाते. शक्ती घटते, धूर वाढतो, धुराडे तापते आणि तेवढ्याच पाण्यासाठी अधिक तेल जळते. म्हणजे हा प्रश्न जसा यंत्राचा, तसाच तो शेतकऱ्याच्या खिशाचाही आहे.

पंपाची रचना पाहिली म्हणजे वेळ तपासण्याची युक्ती सहज ध्यानात येते. एका नळकांड्यात प्लंजर नावाचा दांडा वर-खाली होतो. तो खाली असताना बाजूच्या छिद्रातून तेल आत येते. कॅमने तो वर उचलला की ते छिद्र झाकले जाते, आणि त्याच क्षणापासून तेलावर दाब चढू लागतो. छिद्र झाकले जाण्याचा हा क्षण पकडणे, एवढेच काम.

त्यासाठी प्रथम पंपाच्या माथ्यावरील निर्गम झडप व तिची स्प्रिंग काढून ठेवतात आणि तेथे एक वाकडी नळी बसवितात. पंपाचा नियंत्रक दांडा 'चालू' स्थितीत ठेवावा. 'बंद' स्थितीत तेलाला परतीची वाट मोकळी राहते व परीक्षा फसते. मग दोन्ही झडपा मिटलेल्या आहेत, म्हणजे हा दाबाचाच फेरा आहे, याची खात्री करून फ्लायव्हील त्याच्या नेहमीच्या दिशेने सावकाश फिरवावे. टाकीतील तेल नळीतून धारेने वाहत असते. धार बारीक होते, थेंब पडू लागतात आणि मग थेंबही थांबतात. थांबावयाची जागा हीच! त्या वेळी फ्लायव्हीलवरील खूण ठराविक काट्यासमोर यावयास हवी. साठ सेंटिमीटर व्यासाच्या फ्लायव्हीलवर एक अंश म्हणजे कडेवर सुमारे पाच मिलिमीटर. डोळ्यांना तो स्पष्ट दिसतो. खूण ओलांडली गेली, तर तेवढेच मागे फिरवून भागत नाही. दातेरी चाकांतील ढिलेपणामुळे मोजमाप चुकते, म्हणून पुष्कळ मागे जाऊन पुन्हा त्याच दिशेने यावे.

दुरुस्तीही याच तर्काने होते. पंपाखालील पातळ पत्रे कमी केले की पंप खाली बसतो, छिद्र लवकर झाकले जाते आणि वेळ अलीकडे येते. पत्रे वाढविले की ती पलीकडे जाते. काही इंजिनांत हेच काम उचलदांड्याच्या स्क्रूने होते. नेमका अंश मात्र त्या-त्या इंजिनाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा.

दोन गोष्टींचे भान अवश्य ठेवावे. प्लंजर व नळकांडे यांमधील फट मिलिमीटरच्या दोन-तीन सहस्रांशांइतकी असते. धुळीचा एक कण तिला पुरे पडतो. म्हणून सुटे भाग स्वच्छ डिझेलमध्येच धुवावेत. दुसरे असे की, नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कदापि धरू नये. तो त्वचा भेदून आत शिरतो. जखम बारीक दिसली तरी तत्काळ डॉक्टरकडे जावे.

१९९७ साली मोटारींत कॉमन रेल पद्धत आली, तेव्हापासून ही वेळ ठरविण्याचे काम विजेच्या झडपा व संगणक यांच्याकडे जाऊ लागले. धुरातील घातक नायट्रोजन ऑक्साइडे कमी करण्यासाठी थोडे उशिरा, तेल वाचविण्यासाठी थोडे लवकर, असा तोल ते प्रत्येक फेऱ्याला साधतात. परंतु संगणकापुढील प्रश्न वाकड्या नळीतील अखेरचा थेंब न्याहाळणाऱ्या मिस्तरीपुढे होता तोच आहे: तेल नेमके केव्हा सोडावे?