जुनी व्हॅन घेताना



आम्ही माणगावकडच्या बचत गटातल्या बायका. कोकम, नाचणीचे पापड, कुळथाचं पीठ घेऊन ताम्हिणी घाट चढतो आणि कोथरूडच्या प्रदर्शनात विकतो. माल टेम्पोने येतो, पण चार रात्री आम्ही राहायचं कुठे? खोलीच्या भाड्यातच नफा जायचा. म्हणून आत झोपायची सोय केलेली जुनी व्हॅन आम्ही कोथरूडमध्येच घेतली. किंमत १ लाख १० हजार. वर्षभरात तिच्यावर आणखी ४२ हजार गेले. कुठे चुकलो ते सांगतो, म्हणजे तुमचे तरी वाचतील.

पहिली चूक म्हणजे गाडीचं वय बघितलं नाही. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर आरटीओत तपासणी करून ५ वर्षांसाठी ती पुन्हा करावी लागते, पर्यावरण करही भरावा लागतो. आमच्या गाडीचे आठच महिने उरले होते. ती स्वस्त का होती, ते तेव्हा कळलं!

आरसी बुकावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा. बुकावर बँकेचं नाव असेल, तर कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र आणि सही केलेला फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. आसनं काढून फळ्या बसवल्या असतील, तर त्या बदलाची नोंद बुकावर हवी. फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याची सही घ्या आणि ३० दिवसांत आरटीओत द्या. विमा १४ दिवसांत नावावर करायला अर्ज करा. गाडी एकीच्या नावावर असेल, तर पैसे गटाचे आहेत असा ठराव इतिवृत्तात लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. पुढची भांडणं टळतात.

गाडी बघायला सकाळी जा, मालकाला आधी चालू करू देऊ नका. थंड इंजिनाचं दुखणं लपत नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरट थर दिसला, तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असेल. मेकॅनिकला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. पत्र्याला लोहचुंबक लावा. चिकटलं नाही, तर तिथे गंज काढून लांबी भरलेली असू शकते. टायरवरच्या गोलातले चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. मग चांदणी चौकाच्या चढावर गाडी चालवून बघा. आपल्या ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या, विकणाऱ्याचा नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इंजिन चालू ठेवून गाडीत कधीही झोपू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस झोपेतच जातो. आत शेगडी किंवा स्टोव्ह पेटवू नका. स्वयंपाक बाहेर, मोकळ्यावर. झोपताना काचा थोड्या उघड्या ठेवा, वर मच्छरदाणी लावा.

आमच्यातल्या दोघी दर रविवारी सकाळी, गाडी थंड असताना, ऑइलची पट्टी, रेडिएटरचं पाणी, ब्रेक ऑइल आणि टायरची हवा बघतात. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, वाफेने चेहरा भाजतो. काम नसलं तरी आठवड्यातून एकदा गाडी फिरवतो, नाहीतर बॅटरी बसते. पावसाळ्यात खालचा चिखल धुतो, कारण गंज तिथूनच लागतो. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतो. सारखा ब्रेक दाबला तर तो तापतो आणि ऐन वळणावर लागत नाही.

दर महिन्याला गटातून हजार रुपये गाडीच्या नावाने बाजूला काढतो आणि प्रत्येक खर्च वहीत लिहितो. त्या वहीनेच आम्हाला शिकवलं: मालकाने सांगितली ती निम्मी किंमत, उरलेली गाडी दारात आल्यावर द्यावी लागते. दोन्ही जमत असतील, तरच जुनी गाडी घ्या.